ऑपरेशनची तारीख येईपर्यंत मनाची काळजी कशी घ्यायची

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन शुगर जास्त म्हणून दोनदा पुढे ढकललं गेलं, तीन महिने गेले त्यात. आम्ही रिपोर्ट, गोळ्या, शुगरचा चार्ट सगळं वेळेवर करत होतो पण आई गप्प होत चाललीय हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. इंदूरला आमच्या रामबागेत तिचं भजनी मंडळ आहे, तिथं जाणं तिनं बंद केलं, विचारलं की म्हणायची कंटाळा आलाय. खरं कारण खूप नंतर कळलं. राजवाड्यापाशी कोणीतरी समोरून हसलं, हिला चेहराच दिसला नाही, तर त्या बाई म्हणाल्या, काय हो काकू, ओळख विसरलात का. ते इतकं मनाला लागलं की घराबाहेर पडणंच नको झालं.

म्हणून घरात कोणाला कमी दिसत असेल तर सगळ्यात आधी हे दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत उदास, हताश वाटतंय का, आणि ज्यात आधी मन रमायचं त्यात आता रस वाटत नाहीये का. डॉक्टरसुद्धा इथूनच सुरुवात करतात. जवळजवळ रोजच असं वाटतं असं उत्तर आलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, फॅमिली डॉक्टरांना सांगा, वयामुळे होतं म्हणून सोडून देऊ नका, कारण मन खचलं की माणूस गोळ्या चुकवतो, जेवण टाळतो, मग शुगर वाढते आणि तारीख अजून लांबते. चिडचिड वाढणं हेही उदासीचंच लक्षण असू शकतं बरं का. आणि कोणी जगून काय करायचं असं म्हणालं तर "असं अभद्र बोलू नये" म्हणून तोंड बंद करू नका, जीव द्यायचे विचार येतात का हे सरळ विचारा, विचारल्यानं ते विचार डोक्यात येत नाहीत. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, भाषाही निवडता येते.

एक गोष्ट म्हातारी माणसं हमखास लपवतात. एका संध्याकाळी आई एकदम हळू आवाजात म्हणाली, खिडकीपाशी लहान मुलं उभी दिसतात गं, काही बोलत नाहीत, कोणाला सांगू नकोस, लोक वेडी म्हणतील. तिचा हात गार पडला होता. हे वेड नाही हो! डोळ्यांकडून चित्रं कमी यायला लागली की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो, याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात, बॉनेट या स्विस शास्त्रज्ञानं आपल्याच आजोबांना असं दिसायचं ते १७६० मध्ये लिहून ठेवलंय. असं दिसलं की लाइट लावायचा, नजर इकडेतिकडे फिरवायची, बऱ्याचदा जातं. डॉक्टरांना मात्र सांगायचंच, आणि आवाजही ऐकू येत असतील किंवा माणूस गोंधळल्यासारखा वागत असेल तर उशीर नको, ते वेगळं दुखणं असू शकतं.

घरातली कामं काढून घेऊ नका. आई मेथी निवडते, मटार सोलते, हाताला कळतं सगळं. स्टीलच्या ताटात दहीभात तिला दिसायचाच नाही, चाचपत जेवायची आणि अर्ध्यात उठायची, गडद हिरव्या प्लेटमध्ये वाढायला लागलो तेव्हापासून पोटभर जेवते. पायऱ्यांच्या कडेला पिवळी टेप लावा, वस्तूंच्या जागा बदलू नका. नोटांच्या कडेला उठावाच्या तिरक्या रेघा असतात, शंभरच्या नव्या नोटेवर चार, पाचशेच्या नोटेवर पाच, त्या बोटानं मोजायला शिकवा, भाजी घेताना आपण फसणार नाही एवढा भरवसा आला ना की माणूस परत बाहेर पडतो.

ऑपरेशनची भीती असेल तर नीट सांगा काय होणार ते. मोतीबिंदूचं ऑपरेशन साधारण १५-२० मिनिटांचं, बहुतेकदा थेंब टाकूनच डोळा बधिर करतात, माणूस जागा असतो, उजेड जाणवतो. तोंडावर कापड असतं, त्यानंच कित्येकांना गुदमरल्यासारखं वाटतं, म्हणून आम्ही घरीच रोज दहा मिनिटं उताणं झोपून चेहऱ्यावर हलकी ओढणी टाकून सवय केली. प्रोस्टेटची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सर्जनला आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायची आता गरज नसते. आणि दिसणार किती हे स्पष्ट विचारून घ्या, पडद्याचा त्रास किंवा काचबिंदू असेल तर तेवढी नजर येत नाही, काचबिंदूनं गेलेली तर परत येतच नाही, हे पट्टी काढल्यावर कळलं तर माणूस पार कोसळतो.

आईचा एक डोळा झालाय, दुसऱ्याची तारीख अजून यायचीय, तोवर दर रविवारी पोहे खाताना आम्ही तेच दोन प्रश्न तिला विचारतो.