डायलिसिसच्या पेशंटला नेमकं काय विचारायचं?

एम.एस्सी. नर्सिंगच्या सिनॉप्सिसवर, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यावर, शीर्षकात 'फिनॉमेनॉलॉजिकल' (माणसानं जगलेल्या अनुभवाचा अभ्यास) असतं आणि आत हो-नाही छापाची प्रश्नावली. ती मी आधी काढायला लावते. 'डायलिसिसबद्दल किती माहिती आहे' हा या पद्धतीचा विषयच नव्हे. आठवड्यातून दोन-तीनदा मशीनला जोडलेलं आयुष्य कसं असतं, हा आहे. हायपोथिसिस नको. आठ-दहा पेशंट सहसा पुरतात. स्टॅटिस्टिशियन कुरकुरतील, कुरकुरू द्या.

या पद्धतीमागे दोन तत्त्वज्ञ, हुसर्ल आणि हायडेगर. हुसर्लच्या वाटेनं गेलात तर आपली गृहीतकं बाजूला ठेवायची. हायडेगरच्या मते ती पूर्ण बाजूला पडतच नाहीत; तिथं ती मांडून ठेवूनच अर्थ लावायचा. दोन्हींची खिचडी केली की व्हायव्हात अडकलात. नवख्यांना मी संशोधक कोलायझी यांची १९७८ची, मुलाखतींतून अर्थ काढायची सात पायऱ्यांची पद्धत देते. ती हुसर्लच्या बाजूची.

'पेशंट पथ्य पाळत नाहीत' असलं जे मनात असेल ते मुलाखतीआधी वहीत लिहून काढा. पण खरी खोड वेगळीच, आपली शिकवायची सवय. काका म्हणाले, "काल दोन ग्लास पाणी जास्त झालं," की आपण लगेच, "काका, पाणी मोजून प्या हं!" संपली मुलाखत. पुढं काका आपल्याला आवडेल तेवढंच बोलणार. दम लागलेला दिसला तर मात्र रेकॉर्डर बंद करायचा आणि ड्यूटीवरच्या सिस्टरला हाक मारायची.

एथिक्स कमिटीची मंजुरी, लेखी संमती, रेकॉर्डिंगची परवानगी हे आलंच. आपल्याच युनिटमधले पेशंट शक्यतो टाळा, त्यांना सिस्टरला नाही म्हणवत नाही. मशीन चालू असताना बोलू नका, शेजारच्या खाटेचे कान तिकडंच असतात.

"डायलिसिसचा एखादा दिवस सकाळपासून सांगा ना," एवढ्यानं सुरुवात करा. मग "म्हणजे कसं?" विचारा आणि गप्प बसा. उतरवून घेताना बोली तशीच ठेवा.

समजा, एक आजी म्हणाल्या, "घोटभर पाण्यासाठी सुनेच्या तोंडाकडं बघावं लागतं." याचा अर्थ 'पाण्यावर मर्यादा' असा लिहिलात तर हाती काय आलं? ते केसपेपरवरही आहे. 'स्वतःच्या घरात तहानेवरचाही हक्क गेल्यासारखं वाटणं' हे त्या वाक्याच्या जवळ जातं. दुसरे म्हणतात, "माझं ताट मुलगा तपासतो." तिसऱ्यांपासून घरचे नारळपाणी लपवतात. ही विधानं एकत्र आली की 'मायेचा पहारा' अशी थीम, म्हणजे त्यांना जोडणारं सूत्र, उभी राहते. ती शब्दांतून वर यायला हवी, पुस्तकातून खाली नव्हे.

थीम जुळवून सविस्तर वर्णन लिहायचं, त्यातून अनुभवाचा गाभा काढायचा. मग तो पेशंटकडे परत न्यायचा. हुसर्लच्याच वाटेवरचे दुसरे संशोधक जॉर्जी यांना ही पायरी पटत नाही, पण कोलायझी घेतलीत तर ती गाळता येणार नाही. परत भेटायची परवानगी आणि फोन नंबर संमतीच्या वेळीच घ्या, पेशंट सेंटर बदलतात. इंग्रजी चॅप्टर नेऊ नका. पानभर मराठी वाचून दाखवा. आजी म्हणाल्या, "सून वाईट नाही गं, मलाच मागायची लाज वाटते," तर ती थीम पुन्हा उघडायची.