सीसॅटच्या उताऱ्यांचा स्कोअर दर मॉकला वरखाली होतोय? या चुका टाळा

सीसॅट, म्हणजे एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर. त्याच्या मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला, एका रविवारी 200 पैकी 104, पुढच्या रविवारी 71, मग परत 96. रत्नागिरी घ्या नाहीतर कुडाळ, पूर्वपरीक्षा जवळ आली की अभ्यासिकेच्या बाहेर चहा पिताना हीच रड ऐकू येते, आणि 71 वाला मुलगा त्या दिवशी एवढा खचलेला असतो की पुढचे चार दिवस पुस्तकाला हात लावत नाही.

पहिली चूक हीच, एका मॉकच्या आकड्यावरून स्वतःला पास-नापास करणं. जरा हिशोब बघा. एमपीएससीच्या सीसॅटला 80 प्रश्न आणि 200 मार्क, म्हणजे एक प्रश्न अडीच मार्कांचा, आणि चुकला की 25 टक्के कापतात म्हणजे 0.625. त्यात साधारण 50 प्रश्न उताऱ्यांचे, बहुतेक वेळा एका उताऱ्यावर पाच. आता एखादा उतारा डोक्यावरून गेला आणि पाचातले तीन चुकले तर 12.5 च्या जागी हातात येतात फक्त 3.125. असे दोन उतारे झाले की पावणेएकोणीस मार्क गेले, आणि तुमची तयारी मात्र काल होती तेवढीच आहे! त्यामुळे दहा-पंधरा मार्कांचं इकडेतिकडे झालं तर टेन्शन घेऊ नका, त्याला कारण शोधत बसायची पण गरज नाही.

पेपर क्वालिफाइंग आहे, म्हणजे नुसता पास व्हायचा, त्याला 33 टक्के म्हणजे 66 लागतात. म्हणून बेस्ट स्कोअर स्टेटसला लावण्यापेक्षा शेवटच्या आठ-दहा मॉकमधला सगळ्यात वाईट स्कोअर बघा. तो 66 च्या बऱ्यापैकी वर असेल तर मधली उडी कितीही मोठी असू दे, काही बिघडत नाही. ॲव्हरेज 85 पण मधेच एकदा 58, हे मात्र धोक्याचं आहे.

दुसरी चूक म्हणजे वेगवेगळ्या क्लासचे पेपर एकाच वहीत एकाखाली एक लिहून तुलना करणं. काही क्लासवाले पर्याय मुद्दाम एवढे गुंतागुंतीचे करतात की आयोगानेसुद्धा हात जोडावेत. मोजमाप करायचं तर आयोगाच्या जुन्या पेपरवर करा, पेपर आणि उत्तरतालिका दोन्ही त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत. क्लासचे मॉक सरावापुरते.

आता आपल्याकडच्या पोरांची खास चूक, घरचं ज्ञान उताऱ्यात घुसवणं. समजा उतारा मासेमारीवर आलाय आणि त्यात एवढंच म्हटलंय की किनाऱ्याजवळची मासळी कमी होतेय आणि छोट्या मच्छीमारांचं उत्पन्न घटलंय. पर्यायात दिलंय, 'पर्ससीनमुळे (मोठ्या जाळ्याच्या मासेमारीमुळे) मासळी घटली'. मालवण-वेंगुर्ल्याचा मुलगा डोळे झाकून तिथला गोळा भरतो, कारण बंदरावर लहानपणापासून हाच वाद ऐकलाय. पण उताऱ्यात पर्ससीनचं नावच नाही हो! जे विषय आपल्याला अनोळखी असतात तिथे आपण निमूटपणे उतारा वाचतो आणि ओळखीच्या विषयात मार्क घालवतो, त्यामुळे सोप्या वाटलेल्या पेपरला कधीकधी स्कोअर उलटा पडतो. उत्तर निवडलं की ते ज्या ओळीवरून निघतं त्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे, नाही आलं तर पर्याय परत बघा.

मॉक झाल्यावर नुसते मार्क लिहून वही मिटू नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर एक शब्द टाका: घाई, घरचं ज्ञान, दोन पर्यायांत अडकलो, किंवा मराठी वाक्यच कळलं नाही. शेवटचं बरंच होतं, कारण भाषांतर कधीकधी भलतंच असतं, तेव्हा तेवढ्या वाक्यापुरता बाजूचा इंग्रजी मजकूर बघायचा, अख्खा उतारा दोनदा वाचायचा नाही. चार-पाच मॉक झाले की कुठला शब्द सारखा सारखा येतोय ते दिसेलच, त्याच्यावरच काम करायचं. एक पेपर बिघडला म्हणून आधी प्रश्न मग उतारा, पुढच्या वेळी आधी उतारा मग प्रश्न, असं दर आठवड्याला बदलत बसलात तर नक्की कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही. निदान चार मॉक एकच पद्धत ठेवा.

पहिला उतारा जड निघाला तर? सोडा आणि पुढे चला, क्रमाने सोडवायची शपथ घेतलेली नाही.

आणि मॉक कधी देता ते पण बघा. सीसॅट दुपारच्या सत्रात असतो, सकाळचा जीएसचा (सामान्य अध्ययनाचा) पेपर देऊन डोकं आधीच शिणलेलं असतं. घरी मात्र पहाटे फ्रेश होऊन दिलेला मॉक, नाहीतर रात्री मोबाईलवर पीडीएफ उघडून सोडवलेला. रविवारी भात-माशाचं जेवण झाल्यावर झोप अनावर होते ते माहितीये, पण दोन-तीन मॉक तरी त्याच वेळेला द्या, कागदावर, आणि ओएमआर उत्तरपत्रिकेचे गोळे दोन तासांच्या आतच भरा. पावसात लाईट गेली म्हणून उरलेला अर्धा पेपर तासाभराने सोडवला असेल तर तो स्कोअर वहीत लिहूच नका.