कुठले कर्वे? एका आडनावाची फळी कशी लावावी

दापोली तालुक्यातल्या एका वाचनालयात देवघेवीच्या काउंटरवर मी 26 वर्षं काढली. मुरूड जवळच. महर्षी कर्व्यांचं गाव. त्यामुळे पुण्यतिथी आली की "कर्व्यांचं पुस्तक द्या" म्हणणारी रांग ठरलेली. अशाच एका संध्याकाळी एक आजोबा आले. नातीचं वक्तृत्व होतं, पाचवीत होती, विषय स्त्रीशिक्षण. लाइट जायच्या बेतात होती. मी कपाटातून खाकी वेष्टणाचं पुस्तक काढलं. कण्यावर शाईने 'कर्वे' आणि खाली क्रमांक, बस्स. नोंद केली आणि दिलं.

ते 'आधुनिक कामशास्त्र' होतं. लेखक र. धों. कर्वे.

पंधरवड्याने आजोबा स्वतःच ते परत करायला आले. "नातीला नाही दिलं, मी वाचलं," म्हणाले, आणि आवाज खाली आणून, "यांचं आणखी काही आहे का हो?"

त्या दिवसापासून मी घरी एक फळी फक्त कर्व्यांची केली. वाचनालयात हे जमत नाही, कारण तिथे पुस्तकं विषयवार लागतात, प्रत्येक विषयाला ठरलेला क्रमांक. आत्मचरित्र 920 मध्ये, संततिनियमन 613 मध्ये, शब्दकोश 491.46 ला आणि ललित लेख 891.46 ला. चार कर्वे चार कपाटांत, आणि एकमेकांची तोंडं बघायची सोय नाही. घरी मात्र फळी आपली. ती कशी लावायची ते सांगते.

आडनाव निवडताना हाव धरू नका. जोशी, कुलकर्णी, देशपांडे घेतलंत तर भिंत पुरणार नाही आणि सगळं एकमेकांत मिसळून नुसता ढीग होईल. असं आडनाव घ्या ज्यात दोन-तीन माणसं खरोखर एका घरची आहेत आणि निदान एक तरी अगदी बाहेरचा आहे. तो बाहेरचा हवाच. नाहीतर फळीचा कुलवृत्तांत होतो.

मग वहीत जंत्री करा, आणि आद्याक्षरं पूर्ण लिहा. आपल्याकडे मधलं अक्षर बापाचं असतं, त्यामुळे पुस्तकाच्या कण्यावरच अर्धी वंशावळ सापडते. धों. के. म्हणजे धोंडो केशव, आपले महर्षी. र. धों. म्हणजे रघुनाथ धोंडो, त्यांचा थोरला, पहिल्या पत्नी राधाबाईंचा मुलगा. दि. धों. म्हणजे दिनकर, धाकट्या मुलांतला. चिं. ग. म्हणजे चिंतामण गणेश, शब्दकोशवाले; ती अक्षरं पाहिलीत की ओळखायचं, हे त्या घरचे नव्हेत. ही एवढी अक्षरं वाचली असती तर माझी ती फजिती झाली नसती. बायकांच्या बाबतीत मात्र ही युक्ती फसते. कण्यावर 'इरावती कर्वे' एवढंच असतं. ती कुणाची कोण, ते नावावरून कळत नाही. (पूर्वाश्रमीच्या करमरकर. जन्म ब्रह्मदेशातला, 1905 चा, तिथल्या इरावती नदीवरून नाव ठेवलेलं. दिनकररावांच्या पत्नी, म्हणजे धोंडोपंतांच्या सूनबाई.)

जंत्रीतलं सगळं एकदम विकत घेऊ नका. पहिल्या महिन्यात दोनच पुस्तकं घ्या, धोंडो केशवांचं 'आत्मवृत्त' आणि त्यांच्या दुसऱ्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचं 'माझे पुराण'. पहिलं 1915 चं, दुसरं 1944 चं. ही दोन शेजारी लावायची, मध्ये काही घालायचं नाही. माझ्या मते सगळी फळी या दोन पुस्तकांवर उभी आहे.

'आत्मवृत्त' हिशेबी माणसाचं आहे. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, तसंच लिहिलंय, आवाज न चढवता. परीक्षेसाठी पोरवयात मुरूडहून कुंभार्ली घाटाने, मुसळधार पावसात, साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि तिथे साहेबांनी सांगितलं की तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. परत फिरले. आमच्या भागातला पाऊस ज्याला माहीत आहे त्याने ते पान वाचावं. पुढे 1893 मध्ये विधवेशी लग्न, गावचा बहिष्कार, 1896 मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम, 1916 मध्ये महिला विद्यापीठ. सगळं सरळ रेषेत.

मग 'माझे पुराण' उघडा. नावातच बाईंनी सांगून टाकलंय की मी आता पुराण लावणार. ती विधवा म्हणजे याच, आणि त्या रेषेखाली घर कसं चाललं ते इथे कळतं. नवऱ्याने स्वतःच्या विम्याची पॉलिसी आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा मुलाबाळांचं काय, हा प्रश्न कुणाला पडला? बायांना. विधवांच्या आश्रमात पुनर्विवाहित बाई दिसली तर लोक बिचकतील, म्हणून त्यांनाच लांब राहावं लागलं. तरी त्याच संस्थेसाठी पैसे गोळा करत हिंडल्या. 'आत्मवृत्त' वाचून माणूस नमस्कार करतो. 'माझे पुराण' वाचून मला त्या घरच्या डब्यात पीठ किती उरलं होतं ते दिसायला लागलं. दोन्ही पुस्तकं एका आठवड्यात वाचा, आधी नवऱ्याचं, मग बायकोचं. उलट क्रमाने वाचलंत तर नवऱ्यावर अन्याय होतो. मी केलाय, म्हणून सांगते.

यानंतर रघुनाथराव. वडिलांच्या लगेच शेजारी नको, बायांच्या पलीकडे ठेवा. बापलेक दोघेही गणिताचे प्राध्यापक, बाप फर्ग्युसनमध्ये, लेक विल्सन कॉलेजात. लेकाने 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, त्यापायी नोकरी गमावली आणि 1927 पासून 1953 मध्ये जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. मासिकाचे सुटे अंक रद्दीत मिळतील या आशेवर बसू नका. त्यांचं साहित्य अनंत देशमुखांनी संपादित केलेल्या खंडांत आहे, त्यातला एक आधी वाचनालयातून आणून बघा. भाषा कोरडी आणि टोकदार आहे, कुणाची भीडभाड नाही. या पुस्तकांना मी खाकी वेष्टण घालत नाही. पाहुणे बघतात, बघू देत.

इरावतीबाईंची पुस्तकं सर्वांत सहज मिळतात आणि तिथेच लोक चूक करतात. 'युगान्त' आणून थांबतात. ते घ्याच. महाभारतातल्या माणसांना देव्हाऱ्यातून काढून अंगणात बसवणारं पुस्तक आहे ते, 1967 चं. पण एका आडनावाच्या फळीसाठी त्याहून मोलाचं म्हणजे 'परिपूर्ती'. त्यातला त्याच नावाचा लेख छोटा आहे. सभेत बाईंची ओळख करून देतात, अमक्यांची मुलगी, महर्षींची सून, तमक्यांची बायको. बाईंना वाटतं, काहीतरी राहिलंय. घरी परतताना शाळकरी पोरं त्यांना आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई म्हणून ओळखतात आणि ओळख पुरी होते. माझ्या फळीवर हे पुस्तक बरोबर मधोमध आहे. लेखाशी खूण म्हणून बसचं तिकीट घातलंय, कारण आलेल्या माणसाला मी तो लगेच वाचायला देते. त्याच पुस्तकात वारीवरचा 'वाटचाल' आहे, तोही चुकवू नका. इंग्रजी वाचत असाल तर 1953 चं भारतातल्या नातेसंबंधांवरचं त्यांचं जाड पुस्तक जोडा. मामा, मावशी, आत्या यांना कुठल्या प्रांतात काय म्हणतात, त्याचा पसारा आहे त्यात. मी ते सलग वाचलेलं नाही. चाळते.

आता मुली. आडनावाच्या फळीचा मोठा दोष असा, की लेकी लग्न झालं की तिच्यावरून नाहीशा होतात. इरावतीबाईंच्या जाई निंबकर आणि गौरी देशपांडे, दोघीही लेखिका. गौरीबाईंनी तर अरेबियन नाइट्सचे 16 खंड मराठीत आणले. नियम पाळायचा तर त्यांना जागा नाही. मी नियम मोडत नाही, पण वाचनालयातली जुनी युक्ती वापरते. पोस्टकार्डाएवढं जाड पुठ्ठ्याचं कार्ड कापायचं, वर लिहायचं 'हेही पाहा: देशपांडे, गौरी', खाली त्यांची पुस्तकं घरात कुठे आहेत ते, आणि आईच्या पुस्तकांशेजारी उभं लावायचं. कार्ड कण्यापेक्षा बोटभर पुढे येऊ द्या, नाहीतर पुस्तकांत गडप होतं. पेन्सिलीनेच लिहा, पुस्तकांची जागा बदलत राहते.

शेवटी तो बाहेरचा. चिंतामण गणेश कर्वे, य. रा. दात्यांच्या जोडीने 'महाराष्ट्र शब्दकोश' रचणारे. 1932 ते 1938 मध्ये सात विभाग निघाले, पुरवणी नंतरची. नुसतं दाते-कर्वे म्हटलं की मराठीच्या मास्तरांना कळतं. महर्षींचे म्हणून हे कोश मागणारेही मी पाहिलेत. सगळा संच परवडला नाही तरी चालेल. तो आता संगणकावरही शोधता येतो. माझ्याकडे दोनच विभाग आहेत, एका शाळेने काढून टाकलेले, कणे उसवलेले. घरीच मैद्याची खळ करून मांजरपाटाची पट्टी डकवली. खळीत चिमूटभर मोरचूद टाका, नाहीतर झुरळं येतात. आणि हात धुवा, ते विषारी असतं. एक विभाग फळीच्या डाव्या टोकाला, एक उजव्या. एवढे जड आहेत की वेगळे बुकएंड घ्यावे लागले नाहीत.

पावसाळ्यात फळी भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. आमच्याकडे जून उजाडला की भिंतीला घाम येतो आणि मागच्या बाजूने बुरशी धरते. गेल्या वर्षी मी विसरले, 'आत्मवृत्ता'ला डाग पडले. उन्हात कडक वाळवू नका, पानं कुरकुरीत होतात. पंख्याखाली उघडं ठेवा, अधूनमधून पानं चाळा.