होडीला आउटबोर्ड घ्यायचंय: टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून लटकवायचं इंजिन. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात, फोर-स्ट्रोकमध्ये ते वेगळं असतं. एकाच किनाऱ्यावरच्या दोन होड्यांना वेगवेगळं इंजिन लागू शकतं. एक होडी खाडीत नांगरलेली असते आणि रोज तीन तास धावते. दुसरी रेतीवर ओढलेली असते आणि अर्ध्या तासात जाळ्यावर पोचते. शेजाऱ्याने घेतलं म्हणून घेतलेलं इंजिन बरेचदा फसतं ते इथेच. दुकानात जाण्याआधी खालच्या गोष्टी घरी बसून कागदावर लिहून काढा. हिशेब १५ एचपीचा धरला आहे, ९.९ किंवा ४० एचपीलाही रीत तीच.

१. इंजिन रोज किती तास चालतं ते मोजा

समुद्रावर किती तास असता ते नको, इंजिन किती तास चालू असतं ते हवं. जाळं टाकून वाट बघत बसलात तो वेळ यात धरू नका. चार-पाच दिवस मोबाइलवर वेळ लावून बघा. बहुतेकांचा अंदाज चुकतो.

आता इंधनाचा हिशेब. १५ एचपीचं कार्बोरेटरवालं टू-स्ट्रोक फुल रेसवर तासाला साधारण ७ लिटर पेट्रोल पितं, त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक साडेपाचच्या आसपास. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर ढकलायचं काम ताज्या मिश्रणाकडेच असतं, त्यामुळे थोडं न जळलेलं पेट्रोलही धुरासोबत निघून जातं. पाण्यावर मागे दिसणारा तेलकट तवंग म्हणजे तुमचेच पैसे.

रोज तीन तास फुल रेस धरली तर टू-स्ट्रोकला २१ लिटर, फोर-स्ट्रोकला साडेसोळा. पेट्रोल १०५ रुपये धरा, म्हणजे सुमारे ४७० रुपयांचा फरक. वर टू-स्ट्रोकमध्ये लिटरमागे २० मिली ऑइल, म्हणजे दिवसाला ४२० मिली. ४०० रुपये लिटरने ते १७० च्या घरात जातं. मिळून रोजचे ६४०. हंगामात २०० दिवस होडी गेली तर सव्वा लाखाच्या पुढे. फोर-स्ट्रोकचं ऑइल आणि फिल्टर बदलण्याचा खर्च यातून वजा केला, तरी फोर-स्ट्रोकला मोजलेली जादा किंमत लवकर वसूल होते.

तोच हिशेब रोज ४० मिनिटांचा करा. बचत दिवसाला १४० रुपयांवर येते, वर्षाला २८ हजार. मग दोन्ही इंजिनांची कोटेशनं शेजारी ठेवूनच ठरवावं लागेल, आणि पुढच्या दोन पायऱ्या जास्त महत्त्वाच्या होतात.

२. वजन होडीवर करून बघा

१५ एचपीचं टू-स्ट्रोक ३६ किलोच्या आसपास असतं, फोर-स्ट्रोक ५० ला टेकतं. ४० एचपीला हा फरक वीस-पंचवीस किलोंचा होतो. कागदावर १५ किलो किरकोळ वाटतात, पण ते होडीच्या अगदी शेवटच्या टोकाला लटकतात.

परीक्षा सोपी आहे. जुनं इंजिन लावलेलं असताना रेतीने भरलेली १५ किलोची गोणी मागच्या फळीला टेकवून ठेवा. जाळं, बर्फ, टाकी आणि नेहमीचे खलाशी जिथे बसतात तिथे बसवा, आणि पाणी फळीच्या वरच्या कडेपासून किती खाली राहतं ते वीतभर काठीने मोजा. मागून लाट आली तर होडीत शिरेल असं वाटलं, तर टाकी पुढे सरकवून पुन्हा मोजा. तेवढ्याने भागलं नाही तर त्या होडीवर फोर-स्ट्रोक नको.

फळीही ठोकून बघा. फायबरच्या आत लाकूड असतं आणि बोल्टच्या भोकातून पाणी शिरून ते कुजतं. हातोडीच्या दांड्याने ठोकल्यावर एकीकडे टणक आणि दुसरीकडे बद्द आवाज आला, तर आधी फळी दुरुस्त करा.

३. इंजिन रोज उचलायचं आहे का?

देवबागला कर्लीच्या खाडीत लावलेल्या होडीचं इंजिन वर टिल्ट करून तिथेच ठेवता येतं. उघड्या किनाऱ्यावर ते रोज काढून खांद्यावरून घरी न्यावं लागतं. इथे टू-स्ट्रोकला तोड नाही: एक तगडा माणूस ते नेऊ शकतो, कुठल्याही कुशीवर ठेवलं तरी सहसा बिघडत नाही, आणि फुटणाऱ्या लाटेतून बाहेर पडताना रेस दिल्याबरोबर उसळी घेतं.

फोर-स्ट्रोक आडवं ठेवताना पुस्तिकेत दाखवलेल्या कुशीवरच ठेवावं लागतं. उलट्या कुशीवर ठेवलं की खालच्या भागातलं ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. सकाळी दोरी ओढली तर ती अडकते किंवा निळा धूर निघतो. अडकलेली दोरी जोर लावून ओढू नका. प्लग काढा, दोरी हळू ओढून ऑइल बाहेर येऊ द्या, पातळी तपासा आणि मग प्लग बसवा. इंजिन वाहणारी पोरं रोज बदलत असतील तर कुशीची खूण कव्हरवर रंगानेच करून ठेवा.

४. ऑइलचं काम कोण करणार?

टू-स्ट्रोकला प्रमाण ५० ला १: २५ लिटरच्या टाकीत अर्धा लिटर. नवं इंजिन असेल तर पहिले १० तास बहुधा दुप्पट, म्हणजे २५ ला १, पण पुस्तिका बघूनच. आधी थोडं पेट्रोल, मग ऑइल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल. मोटारसायकलचं टू-टी ऑइल स्वस्त पडतं म्हणून घालू नका. ते हवेने थंड होणाऱ्या तापलेल्या इंजिनासाठी असतं. आउटबोर्ड समुद्राच्या पाण्याने थंड राहतं, त्यामुळे त्या ऑइलची राख प्लगवर आणि पिस्टनच्या रिंगांवर बसते. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं बघा.

फोर-स्ट्रोकला मिश्रणाची कटकट नाही, पण पहिल्या २० तासांनी आणि नंतर दर १०० तासांनी ऑइल बदलायचं असतं. हौशी माणसाला १०० तास म्हणजे अख्खं वर्ष. रोज चार-पाच तास इंजिन चालवणाऱ्याला तो एक महिना. 'वर्षातून एकदा सर्व्हिसिंग' या समजुतीवर चांगली फोर-स्ट्रोक इंजिनं बाद झाली आहेत. टायमिंग बेल्ट असलेल्या मॉडेलला साधारण १,००० तासांनी बेल्टही बदलावा लागतो. दर रविवारी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढून बघा: पातळी कमी झाली तर गळती, वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर मंद रेसवर फार वेळ चालवल्याने पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. ते ऑइल लगेच काढा.

मंद रेसवर टू-स्ट्रोकही कुरकुरतं. जाळ्याच्या कडेने तासभर रेंगाळलात की प्लग काळा आणि ओला होतो. दोन जादा प्लग आणि प्लगपाना डब्यात असू द्या. कामच तसं असेल तर फोर-स्ट्रोक बरं.

५. पेट्रोलचा नवा ताप

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल खाऱ्या दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात. या थरात ऑइल जवळपास नसतं, आणि टाकीची नळी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोकमध्ये हा थर गेला की पिस्टन कोरडा पडून जाम होऊ शकतो. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं असल्याने ते निदान बंद पडून थांबतं.

टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा. मिश्रण आठवड्याला लागेल तेवढंच करा. होडी पावसाळ्यात वर ओढताना टाकी रिकामी करा, कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काढा. नारळी पौर्णिमेनंतर इंजिन चालू होईना, तर दोष बहुधा तिथेच असतो.

रॉकेलवर चालणारं जुनं इंजिन कुणी केरळातून आणून विकत असेल तर त्याची घडण वेगळी असते हे लक्षात ठेवा. पेट्रोलच्या फोर-स्ट्रोकमध्ये रॉकेल कधीच घालू नका.

६. बुडालं तर?

लाटेत होडी उलटली की इंजिन खाऱ्या पाण्यात जातं. बाहेर काढल्यावर गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढा, प्लगची भोकं खाली करून दोरी हळू ओढत पाणी काढा. चालू असताना बुडालं असेल आणि दोरी अडकत असेल तर थांबा. कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. टू-स्ट्रोकमध्ये यानंतर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून, कार्बोरेटर साफ करून ताज्या मिश्रणावर दोन तासांच्या आत चालू करावं. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल दुधासारखं दिसायचं थांबेपर्यंत दोन-तीनदा बदलावं लागतं. मेकॅनिक यायला वेळ असेल तर इंजिन हवेत वाळत ठेवू नका, गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा. गंज हवा लागली की धरतो.

७. घेताना

फळीची उंची वरच्या कडेपासून तळापर्यंत मोजा: १५ इंचांना शॉर्ट शाफ्ट (शाफ्ट म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंतचा दांडा), २० इंचांना लाँग. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी. शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा ओढतो आणि रेस एकदम चढते, लांब पडला तर होडी जड चालते.

जुनं टू-स्ट्रोक घेत असाल तर दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या. दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असला तर सोडून द्या. गिअरचं ऑइल दुधाळ दिसलं तर सील गेलंय. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची पिचकारी कमजोर असेल तर रेतीने इम्पेलर (ते पाणी खेचणारं रबरी चाक) खाल्लाय. तो स्वस्तात बदलता येतो, तेवढ्यासाठी सौदा मोडू नका.

नवं असेल तर पूर्ण भार भरून, टॅकोमीटर (मिनिटाचे फेरे दाखवणारं मीटर) लावून चालवून बघितल्याशिवाय पंखा पक्का करू नका. फुल रेसवर फेरे पुस्तिकेत दिलेल्या पट्ट्याच्या खाली राहिले, तर कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा पंखा मागून घ्या. दुकानदार सोबत देतो तो पंखा बहुधा हलक्या, रिकाम्या होडीचा असतो.