योग्याकार्तातला पत्ता कसा वाचायचा आणि कागद घेऊन कुठे जायचं

इंडोनेशियात जावा बेटावर असलेल्या योग्याकार्तातला पत्ता शेवटाकडून वाचायला घ्या. शेवटी 'कोटा योग्याकार्ता' असेल तर जागा महापालिकेच्या हद्दीत. 'काबुपातेन स्लेमान' किंवा 'काबुपातेन बांतुल' असेल तर जिल्ह्यात. लोक सगळ्यालाच जोगजा म्हणतात, पण शहर जेमतेम 32.5 चौरस किलोमीटरचं आहे. गाजा मादा विद्यापीठाचं मुख्य आवार स्लेमानमध्ये, जुना आदिसुचिप्तो विमानतळही तिथेच. नवा विमानतळ पार पश्चिमेला, कुलोन प्रोगो जिल्ह्यात. चौथा जिल्हा गुनुंगकिदुल. हे चार जिल्हे आणि शहर मिळून विशेष प्रदेश बनतो. बोरोबुदुर त्यात येत नाही. ते मध्य जावा प्रांतातल्या मागेलांगमध्ये आहे.

मग खालच्या पातळ्या बघा. शहरात 14 केमांत्रेन म्हणजे विभाग, त्यांत मिळून 45 केलुराहान म्हणजे प्रभाग, त्याखाली एरवे, म्हणजे काही एरतेंचा गट, आणि सर्वांत खाली एरते, म्हणजे काही मोजक्या घरांचा गट. जिल्ह्यात केमांत्रेनऐवजी कापानेवोन आणि केलुराहानऐवजी कालुराहान. ही दोन नावं बारकाईने वाचा. दोन्हीकडचा प्रमुख लुराहच म्हणवतो, पण शहरातला नेमलेला सरकारी कर्मचारी असतो आणि जिल्ह्यातला गावाने निवडून दिलेला. ही नावं 2019 नंतर लागू झाली, त्यामुळे जुन्या कागदांवर केचामातान (आताचं केमांत्रेन किंवा कापानेवोन) आणि देसा (आताचं कालुराहान) दिसलं तर गोंधळू नका.

एरते-एरवेचे आकडे प्रत्येक केलुराहानमध्ये नव्याने सुरू होतात. नुसतं 'एरते 05, एरवे 02' सांगून कोणी घर दाखवू शकणार नाही. उलट प्राविरोतामान, सोस्रोविजायान ही सर्वांच्या तोंडी असलेली नावं वस्त्यांची आहेत, केलुराहानची नाहीत. अर्जात लिहिताना प्राविरोतामानसाठी केलुराहान ब्रोंतोकुसुमान, केमांत्रेन मेर्गांगसान असं लिहावं लागतं.

रस्ता विचारलात तर उत्तर डावं-उजवं असं क्वचितच मिळेल; 'उत्तरेला जा, मग पूर्वेला' असं सांगतात. त्यासाठी एक रेघ डोक्यात ठेवा: उत्तरेला मेरापी ज्वालामुखी, मग तुगू स्तंभ, मालिओबोरो रस्ता, क्राटोन म्हणजे राजवाडा आणि दक्षिणेला पांगुंग क्राप्याक ही जुनी वास्तू. तुगू ते क्राप्याक हा अक्ष 2023 मध्ये जागतिक वारसा यादीत आला. मेरापी सकाळी लवकर दिसतो, नंतर बहुधा ढगाआड जातो. कालिउरांग रस्त्यावर घरक्रमांकाऐवजी किलोमीटर देतात. आकडा जितका मोठा तितकं उत्तरेला, डोंगराकडे. पारांगत्रितिस रस्त्यावर आकडा दक्षिणेला वाढतो.

अंतर नकाशावर सरळ मोजू नका. विनोंगो, चोदे आणि गाजाहवोंग या नद्या उत्तर-दक्षिण वाहतात, म्हणून पूर्व-पश्चिम जाताना पूल गाठावाच लागतो. चोदेकाठच्या वस्त्या खोलगट उतारावर आहेत. 2010 च्या उद्रेकानंतर मेरापीची राख-दगड वाहून आणणारे लोंढे तिथे शिरले होते. पावसाळ्यात खोली घेताना हे विचारात घ्या.

आता कागदपत्रं. पाहुणा मुक्कामाला आला की 24 तासांत एरतेप्रमुखाला कळवायचं. गल्लीच्या तोंडाशी तशी पाटीच असते. हा प्रमुख शेजारचाच कोणी असतो, त्याचं कार्यालय नसतं. संध्याकाळी घरी गाठा. रहिवासाचा दाखला हवा असेल तर आधी त्याची सही, मग एरवेची, मग केलुराहान. मधली सही चुकवली की परत पाठवतात.

मालिओबोरोवरचं केपातिहान हे गव्हर्नरचं कार्यालय. 2012 च्या कायद्यानुसार गव्हर्नर सुलतानच असतो आणि उपगव्हर्नर पाकुआलाम, म्हणजे शहरातल्या दुसऱ्या राजघराण्याचा प्रमुख. या दोन पदांसाठी मतदान होत नाही. महापौर मात्र निवडून येतो, आणि त्याचं बालाई कोटा, म्हणजे महापालिकेचं कार्यालय, पूर्वेला, केनारी रस्त्यावर आहे. शहरातला नोंदणीचा कागद तिथे न्यायचा, केपातिहानला नाही.

कोतागेडे या जुन्या भागात सर्वाधिक फसगत होते. बाजार शहराच्या हद्दीत, पण थोडं दक्षिणेला गेलं की माताराम या जुन्या राज्याची मशीद आणि राजघराण्याच्या कबरी बांतुलमधल्या जागालान कालुराहानमध्ये येतात. इथे घर घेणाऱ्याने आधी हद्द विचारावी.