नोट्स चढवण्याआधी नोटपॅडची चाचणी

नागपुरातल्या माझ्या वर्गात एक अंध विद्यार्थी होता. मी पाठवलेली पीडीएफ त्याच्या स्क्रीन रीडरने (पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या सॉफ्टवेअरने) उघडली आणि "रिकामं पान" म्हणून गप्प बसला. सीताबर्डीच्या बाजारातून स्कॅन करून आणलेली पानं म्हणजे नुसते फोटो, त्यात अक्षरं नसतातच.

तेव्हापासून फाइल चढवण्याआधी एक ओळ माऊसने निवडतो, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करतो. ओळ निवडताच येत नसेल तर ते चित्र आहे. ते गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडा, मराठी मजकूर बऱ्यापैकी उतरतो. जोडाक्षरं, रफार आणि आकडे मात्र नजरेखालून घालाच. तक्ते पार विस्कटतात, ते नव्यानेच करावे लागतात.

ओळ निवडली जाते, पण नोटपॅडमध्ये इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो? मग फाइल कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली. डोळ्यांना मराठी, यंत्राला कचरा! कन्व्हर्टरने ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरांत आणा. जुन्या नोट्सना हा रोग फार.

वर्डमध्ये शीर्षकं नुसती ठळक न करता हेडिंग स्टाइल लावा. एनव्हीडीएवर ऐकणारा मग ब्राउझ मोड (नुसतं वाचत फिरायची सोय) चालू करून 'एच' दाबत मुद्द्यामागून मुद्दा गाठतो. हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, स्वतः दहा मिनिटं ऐकून बघा. आकृतीच्या पर्यायी मजकुरात (चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो त्या वर्णनात) "आलेख" एवढंच लिहू नका, आलेख काय दाखवतो ते लिहा.

आणि मजकुराची फाइल स्कॅनपेक्षा खूप हलकी असते. सुट्टीत गडचिरोलीकडे गावी गेलेल्या पोरांना एका काडीच्या रेंजवरही ती उतरवता येते.