ट्रेनिंगच्या विमानात हाताला जे सुचतं तेच नडतं: या चुका टाळा

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं आणि ठाणे, ऐरोली, पनवेलकडे घराघरात एकतरी पोरगं पायलट व्हायचं म्हणायला लागलंय. चांगलंच आहे. पण आपल्याकडे बसून होतात ते डीजीसीएचे (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) पेपर, खरं उडायला पोरांना बारामती, धुळे, गोंदिया असं कुठेतरी जाऊन राहावं लागतं. १९२९ मध्ये जेआरडी टाटांनी मुंबईतच शिकून लायसन काढलं होतं, ते दिवस गेले.

आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला, वर इंजिन बंद पडलं तर? तर विमान दगडासारखं खाली येत नाही हो. सेसना १५२ हे ट्रेनिंगचं दोन सीटचं विमान घ्या, हवा शांत असेल आणि स्पीड बरोबर धरला तर ३००० फुटांवरून इंजिनाशिवाय साधारण ८ किलोमीटर तरंगत जातं, म्हणजे ठाणे स्टेशनवरून सुटलं तर जवळजवळ घणसोलीपर्यंत. छोट्या विमानांच्या अपघातांचे रिपोर्ट वाचायला बसलात तर बऱ्याच वेळा विमान धडधाकट असतं, आणि घाबरल्यावर हाताला जे आपोआप सुचतं ते नेमकं उलटं असतं. खाली दिलेल्या बहुतेक चुका या एकाच जातीच्या आहेत.

बेसवरून फायनलला वळताना

यावर जरा जास्त लिहितो, कारण बाकीच्या चुकांत बऱ्याचदा विमान वाकतं, इथे माणूस जातो.

सर्किट म्हणजे उतरण्याआधी रनवेभोवती मारायची फेरी, त्यात बेस हा रनवेला आडवा भाग आणि फायनल हा रनवेच्या रेषेतला शेवटचा. समजा डावं सर्किट आहे, बेसवर वारा मागून ढकलतोय, तुमच्या लक्षात येत नाही आणि वळायला दोन सेकंद उशीर होतो. रनवेची लाइन ओलांडली जातेय हे दिसतं. आता जास्त बँक करायची (विमान एका बाजूला झुकवायची) भीती वाटते कारण जमीन जवळ आहे, म्हणून पाय हळूच डावा रडर (नाक डावं-उजवं वळवणारं शेपटीचं पातं) दाबतो, नाक तर वळवूया. रडर दाबला की बाहेरचा पंख जोरात फिरतो, त्याला लिफ्ट (वर उचलणारा जोर) जास्त मिळते आणि बँक आपोआप वाढते, ती रोखायला हात उजवा एलरॉन (विमान झुकवणारं पंखाचं पातं) देतो. एवढ्यात नाक खाली जातं, तर हात योक (विमानाचं स्टिअरिंग) मागे ओढतो. झालं, स्पिनमध्ये (गरगरत खाली पडण्यात) जायची पूर्ण रेसिपी तयार, आणि उंची किती, तर ५०० फूट. सेसनाच्या हँडबुकात लिहिलंय की एका फेरीच्या स्पिनमधून बाहेर यायला कमीत कमी १००० फूट धरा. म्हणजे गणितच बसत नाही.

उंची राखून वळताना ३० डिग्री बँकला स्टॉल स्पीड (ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाहीत तो स्पीड) साधारण ७ टक्के वाढतो, ४५ ला १९ टक्के, ६० ला ४१ टक्के. म्हणून सर्किटमध्ये ३० च्या वर जायचंच नाही. लाइन ओलांडली तर ओलांडली, पूर्ण पॉवर, पंख सरळ, गो-अराउंड (न उतरता परत वर), पुढच्या फेरीत बेसवरून आधी वळा. गो-अराउंड केला म्हणून कुणी नापास होत नाही, पण सोलोवाल्या (एकट्याने उडणाऱ्या) पोरांना वाटतं खाली सगळे बघतायत. बघू दे की! आणि डोळे बाहेर असले तरी अधूनमधून पॅनलवरचा तो बॉल (विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारा) बघा, मधे नसेल तर पाय चुकतोय.

सरळ स्टॉलमध्येही तेच, एक पंख पडला की हात उलटा एलरॉन देतो आणि पडलेला पंख अजून पडतो. आधी योक पुढे सोडायचं, मग रडरने नाकाचं फिरणं थांबवायचं, हवा परत पंखाला लागली की मग पंख सरळ.

टप्पा खाल्ला की नाक दाबणं

लँडिंगला विमान उसळतं, पुढे फक्त आकाश दिसतं, हात योक पुढे ढकलतो आणि नोजव्हील आधी आपटतं. दुसरा टप्पा पहिल्यापेक्षा मोठा, तिसऱ्याला प्रोपेलर जमिनीला लागतो नाहीतर फायरवॉल (इंजिनामागची भिंत) वाकते. जीव बहुतेक वाचतो, पण विमान काही महिने हँगरमध्ये आणि बाकीच्या पोरांचं फ्लाइंगही रखडतं. मूळ कारण बहुतेक वेळा ८-१० नॉट जास्त स्पीड घेऊन आलेलं असणं. छोटा टप्पा असेल तर आहे तेच अॅटिट्यूड (नाकाची ठेवण) धरून थोडी पॉवर देऊन बसवता येतं, मोठा असेल तर विचार नको, पूर्ण थ्रॉटल, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा खटका) बंद. फ्लॅप (पंखामागच्या झडपा) ३० वरून २० करा, बाकीचे स्पीड आणि उंची मिळाल्यावर, सगळे एकदम वर घेतले तर विमान खाली बसतं.

कार्ब हीट ओढून परत ढकलणं

बाहेर २५ डिग्री असेल आणि हवा दमट असेल तरी कार्ब्युरेटरच्या आत बर्फ धरू शकतो, हे आपल्याकडच्या पोरांना पटतच नाही. पेट्रोल उडताना आणि हवा अरुंद जागेतून जाताना आतलं तापमान २० डिग्रीपेक्षा जास्त उतरू शकतं. कमी पॉवरवर उतरताना धोका जास्त. आरपीएम हळूहळू उतरतं, मग इंजिन खरखरतं. तुम्ही कार्ब हीट ओढता, तर आरपीएम अजून पडतं आणि वितळलेलं पाणी आत गेल्यामुळे इंजिन आधीपेक्षा वाईट खोकतं. इथे हात म्हणतो, अरे बिघडलं, परत ढकल. ढकलू नका! पूर्ण ओढून ठेवा, थोडा वेळ द्या, बर्फ गेला की आरपीएम स्वतःहून वर येतं. अर्धवट हीट देऊ नका. फ्युएल इंजेक्शनवाल्या विमानात ही भानगडच नसते, म्हणून विमान बदललं की आधी हे विचारा.

टेकऑफला लवकर ओढणं

बारामतीचं विमानतळ साधारण २००० फुटांवर आहे. मे महिन्यातली दुपार, ४० डिग्री. स्टँडर्ड हिशेबाने तिथे ११ डिग्री हवं, म्हणजे २९ जास्त, दर डिग्रीला १२० फूट धरले तर विमानाला वाटतं आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत. कळसूबाईच्या माथ्यावर रनवे टाकल्यासारखं समजा. धावपट्टी जास्त लागते, चढाई मरतुकडी होते, पुढचं कुंपण जवळ आलं की हात ओढतो आणि विमान जमिनीलगत लोंबकळत राहतं. स्पीड येईपर्यंत नाक खाली ठेवायचं. आणि सकाळची सॉर्टी (उड्डाणाची पाळी) मिळत असेल तर दुपारची मागू नका.

टेकऑफनंतर इंजिन गेलं तर मागे वळून रनवेवर यायची ओढ लागते, कारण रनवे ओळखीचा आणि समोर ऊस. नाक खाली, समोर जे आहे त्यात, थोडं डावं-उजवं एवढंच. किती उंचीच्या वर वळायचं ते इन्स्ट्रक्टरबरोबर आधी ठरवून ठेवा, वर गेल्यावर नाही.

पेट्रोलची तपासणी

गेजवर विश्वास ठेवू नका, डिपस्टिक घाला. १५२ मध्ये दोन्ही टाक्या मिळून साधारण ९८ लिटर मावतं, पण त्यातलं ९२-९३ च वापरता येतं.

ड्रेन करताना एक गोष्ट फार जण चुकतात. कपात थोडं पेट्रोल काढायचं, पाणी असलं तर खाली वेगळा थर दिसतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण टाकीच्या तळाला पाणी जास्त असेल, पावसाळ्यात झाकणाचं सील गेलं की असतंच, तर आख्खा कप पाण्याचाच भरतो. मग थर दिसणार कुठून? कप उजेडात धरला तर छान स्वच्छ, आणि पोरगं म्हणतं, ओके सर. ॲव्हगॅस १०० एलएल हे विमानाचं पेट्रोल निळसर असतं, म्हणून कप पांढऱ्या रंगापुढे धरा आणि वास घ्या. बिनरंगाचं दिसलं तर ते पाणी आहे, नाहीतर चुकून जेट फ्युएल भरलंय, दोन्हीत उडायचं नाही. डिझेल इंजिनवालं डीए ४० (त्यात जेट फ्युएल घालतात) आणि सेसना एकाच फ्लीटमध्ये असतील तर भरताना स्वतः उभे राहा.

ढगात शिरणं

सीपीएलला (कमर्शियल पायलट लायसनला) २०० तास लागतात, घरचे लाखो रुपये गेलेले असतात, पावसाळ्यात आठवडे बसून काढलेले असतात, त्यामुळे पोरगं थोडं कमी दिसत असलं तरी निघतं. १९५४ मध्ये इलिनॉय युनिव्हर्सिटीत इन्स्ट्रुमेंटचं शिक्षण नसलेल्या २० पायलटांना काही न दिसण्याच्या परिस्थितीत उडवून बघितलं, विसाच्या विसांचा ताबा गेला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. कान सांगतात पंख सरळ आहेत, आणि विमान वळत खाली जात असतं.

समोर पांढरं दिसायला लागलं की जमीन दिसतेय तोवरच वळा, हळू, १५ डिग्री बँकवर, नजर अॅटिट्यूड इंडिकेटरवर, हेडिंग (नाकाची दिशा) १८० डिग्री फिरेपर्यंत. वळताना उंची राखा, ढगाखालून जायला खाली खाली उतरू नका, घाटात आणि टॉवरच्या तारांत जातात ते तसेच. मग रेडिओवर सांगा की वेदर आडवं आलंय, परत येतोय. इंग्रजी अडखळलं तरी चालतं, पोझिशन आणि उंची तेवढी नीट सांगा.